खपली पडेपर्यंत

डॉक्टरांनी मीटिंग बोलावली ती ऐन कापणीत, आणि तीही जेवणं झाल्यावर. त्यामुळे निम्मे लोक नुसत्या अंगाने हजर होते. आरोग्य केंद्राच्या औषधांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून ड्रायव्हर पालथ्या बादलीवर बसला होता. कंपाउंडर दाढेतलं काहीतरी जिभेने उकरत होता. सफाईवाली दारातच टेकली होती, म्हणजे कोणी हाक मारली तर उठायला सोपं. लशींचा फ्रिज मध्येच गुरगुरायचा आणि मध्येच गप्प व्हायचा.

डॉक्टर वयाने लहान. शर्टाची कॉलर मोठी आणि आवाज बारीक. त्यांनी घसा साफ केला.

"देवीचा रोग," ते म्हणाले आणि थांबले.

"तो तर मेला ना साहेब?" ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या जन्माआधीच."

"मेलेलाच आहे. पण लांब कुठेतरी संशय आलाय. खात्री नाही. आपल्याकडे तर नाहीच. पण आली तर?"

त्या 'आली तर'वरून पुढे सगळ्या योजनेला नावच पडलं. वरून आलेल्या कागदावर नाव भलंमोठं होतं, पण संध्याकाळपर्यंत केंद्रात सगळे 'आलीतर'च म्हणायला लागले होते.

आली तर रोग्यांच्या घरात कोण जाणार, गाडी कोण चालवणार, कपडे कोण उकळणार, हे आधीच ठरवायचं. आणि जे जाणार त्यांना आधीच टोचून ठेवायचं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की ही लस बाकीच्या लशींसारखी नाही. ही जिवंत असते. दंडावर फोड येतो, पिकतो, त्याची खपली धरते. ती खपली पडेपर्यंत त्या जागेला लागलेलं बोट, टॉवेल, उशी, काहीही दुसऱ्याला लागू शकतं. धडधाकट माणसाला फारसं काही होत नाही. पण ज्याला इसब आहे किंवा कधी होऊन गेलंय, त्याच्या अंगभर ती पसरते. मग त्याचं काही खरं नसतं.

"म्हणून विचारतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला किंवा घरात कोणाला इसब असेल, घरात कोणी गरोदर असेल, तर आत्ताच सांगा. तुम्हाला घेणार नाही."

"इसब म्हणजे नक्की कसं?" ड्रायव्हरने विचारलं.

"खाज येते. कातडी लाल होते, चिरते, पाणी सुटतं."

ड्रायव्हरने विचार केला आणि मान खाजवली. "मला आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून."

"मला नाही," कंपाउंडर म्हणाला, "पण सासऱ्यांना आहे. रात्रभर करकरकर."

"माझ्या जावेला," दारातून सफाईवाली म्हणाली.

"जाऊ तुमच्याच घरात राहते?"

"भांडण होईपर्यंत राहत होती."

बघता बघता खोलीभर खाज पसरली. कोणी कोपर खाजवतंय, कोणी पोटरी. रोग यायचा तेव्हा येवो, खाज मात्र येऊन पोचली होती.

थोरल्या बाईंना आधी हसू आलं. त्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या नर्स. आजूबाजूच्या वस्त्यांमधली अर्धी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली, म्हणून त्यांना नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरायचं. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरलं. कारण इसब बाईंच्या घरात खरंच होतं. त्यांच्या नातीला. लेकीची लेक, चार वर्षांची. दोन थंडीच्या मोसमांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या अशा चिरल्या होत्या, की पोर आखडून बसायची.

बाईंचा हात मांडीवरून उचलला गेला. तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पोत्यात हात घालावा आणि आत सगळे किडेच निघावेत, तसा त्या पोराचा चेहरा झाला होता. बाईंना वाटलं, आता मी हात वर केला तर तो या सगळ्या हातांतलाच एक. माझं खरं यांच्या खोट्याच्या रांगेत जाऊन बसणार.

हात तसाच डोक्यावरच्या रुमालाकडे गेला, गाठ सारखी करून खाली आला. तोंडाने मात्र ऐकलं नाही.

"माझं लिहा," बाई म्हणाल्या. "पहिलं माझंच लिहा."

कंपाउंडरची मानेवरची बोटं थांबली. भिंतीला टेकून बसलेली धाकटी सिस्टर, शिकून नुकतीच लागलेली, बाईंकडे पाहत म्हणाली, "मग माझंही लिहा."

---

घरी जाताना बाईंनी पायवाट धरली. दोन्ही अंगांना कापलेल्या रानाचे खुंट उभे होते आणि हवेत भुसा होता. अर्ध्या रानात त्यांचा नवरा आणि लेक वाकून कापत होते. नवरा पुढे, लेक मागून पेंढ्या बांधत. लेकीचा नवरा कामासाठी लांब गेलेला, म्हणून कापणीपासून मळणीपर्यंत ती माहेरीच होती. तिचे दोन हात नसते तर पीक उभ्यानेच वाळलं असतं.

"लवकर आलात बाईसाहेब," नवरा कंबर सरळ करत म्हणाला. "राजीनामा दिला की हाकलून दिलं?"

"मीटिंग होती."

"मग झोप झाली असेल चांगली. विळा घे."

बाईंनी अंधारून येईपर्यंत पेंढ्या बांधल्या. टोचण्याचं नावही काढलं नाही.

घरी सासूबाई अंगणात नातीला धरून बसल्या होत्या. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे. सासूबाईंच्या तोंडावर देवीचे व्रण, पावसाच्या पहिल्या थेंबांनी धूळ उठावी तसे. एक डोळा त्याच दुखण्यात गेलेला. उरलेल्या डोळ्याने त्यांना हवं तेवढं दिसायचं, आणि नको तेही.

"आज हिने एकदासुद्धा खाजवलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी भिंगरीला कोमट पाण्यात बसवलं, अंग चोळून न पुसता नुसतं टिपलं आणि ओलसर असतानाच मलम चोपडलं. मग हातांत जुन्या मोज्यांच्या पिशव्या चढवल्या, झोपेत नखं लागू नयेत म्हणून. हे रोज चाललं होतं. त्यामुळे कोपराची घडी आता मऊसूत झाली होती, लोण्यासारखी.

"आज्जी, मला हात नाहीत," भिंगरी मोजे दाखवत म्हणाली.

"मग मांजर झालीस तू."

"मांजराला शेपूट असते."

"उद्या शिवते."

पोर झोपायची ती बाईंच्याच कुशीत. मोज्यातल्या मुठीने त्यांचा दंड पकडायची आणि तिथल्या मऊ मांसात तोंड खुपसायची. बाई अंथरुणावर पडून त्या मुठीकडे पाहत राहिल्या. टोचायची जागा ती हीच. डॉक्टरांनी स्वतःच्या दंडावर बोट ठेवून दाखवलं होतं.

सकाळी सांगू, त्यांनी ठरवलं. सकाळी पेंढ्या वाहायच्या होत्या. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी लेकीच्या हाताला विळा लागला होता, पट्टी बांधण्यात वेळ गेला. असं करता करता लस आणायला गाडी जायचा दिवस ठरला, आणि सांगितलं ते ड्रायव्हरने.

तो गाईसाठी पेंढा मागायला खळ्यावर आला होता. लेक पेंढ्या झोडत होती, बाईंचा नवरा धान्य उफणत होता.

"तुझी आई म्हणजे वाघीण हं," ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही सगळे खाजवत बसलो आणि ही म्हणाली, पहिलं माझं लिहा."

"काय लिहा?"

ड्रायव्हरने सगळं रंगवून सांगितलं. जिवंत लस, फोड, इसबवाल्यांना बंदी. बोलता बोलता त्याची नजर पेंढ्यांच्या ढिगावर घसरगुंडी खेळणाऱ्या भिंगरीकडे गेली. त्याने पेंढा डोक्यावर घेतला आणि तो निघूनच गेला.

बाई केंद्रातून आल्या तेव्हा लेक झोडतच होती. थांबली नाही. पेंढी उचलायची आणि फळीवर आपटायची, दाणे चौफेर उडायचे.

"आई, तू हात वर का नाही केलास?"

बाईंना कळलं. "सगळ्यांनी केले होते गं."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे खोटं बोलत होते. मी बोलले असते तर तेही खोटंच वाटलं असतं."

"कोणाला वाटलं असतं?" लेकीने पेंढी खाली टाकली. "त्या कंपाउंडरला? त्याला खोटं वाटू नये म्हणून माझ्या पोरीच्या अंगाला?"

"मी तिच्याजवळ जाणार नव्हते. काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस? ती तुझा दंड चावून झोपते!"

नवऱ्याने सूप खाली ठेवलं, तोंडावरचं फडकं सोडलं आणि एवढंच म्हणाला, "नाव काढून ये."

"उद्या काढते."

"पोरीला घेऊन जा. दाखव त्यांना."

---

दुसऱ्या दिवशी बाई भिंगरीचं बोट धरून केंद्रात गेल्या. डॉक्टर खिडकीशी उभे राहून चहा पीत होते.

"साहेब, माझं नाव काढायचंय. घरी इसब आहे. हिला."

डॉक्टरांनी कप हळूच ठेवला. "तुम्हीसुद्धा, बाई?"

एवढेच शब्द. पण बाईंना वाटलं, कोणीतरी अंगावरचं पांघरूण ओढून नेलं. त्यांनी भिंगरीच्या बाह्या वर केल्या, कोपरं उघडी केली, मग गुडघे. दारात कंपाउंडर येऊन उभा राहिला, त्याच्यामागून सफाईवाली मान उंच करून बघायला लागली.

कातडी स्वच्छ होती. ना चीर, ना लाली. रोजचं मलम, रोजचं टिपणं, रोजचे मोजे, सगळं फळाला आलं होतं आणि बाईंना खोटं पाडत होतं.

"छान आहे की कातडी," कंपाउंडर म्हणाला. "बाई, ते मलम जरा सांगा. आमच्या सासऱ्यांना लावतो."

सफाईवाली फिसकन हसली. भिंगरीला वाटलं आपल्याला बघून सगळे खुश झालेत, म्हणून तिने दुसरी बाहीसुद्धा आणखी वर केली.

"होतं हो," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. "थंडीत या बघायला. रक्त यायचं."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. भिंगरीसमोर उकिडवे बसले, कोपराच्या घडीवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे वळवून पाहिलं. मग म्हणाले, "खोटं बोलायचं असतं तर कोणी इतक्या नितळ कातडीची पोर दाखवायला आणत नाही. मला पटलं. आणि होऊन गेलेलंही चालत नाही, मीच सांगितलं होतं."

बाईंनी भिंगरीच्या बाह्या खाली ओढल्या.

"एक मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. "खपली पडेपर्यंत इथेच राहायचं, मागच्या खोलीत. घरी जायचं नाही, पोरीला भेटायचं नाही. पण मी तसं म्हणणार नाही. तुम्ही स्वतःहून आलात, मी नाव काढतो."

"काढा," बाई म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात धाकटी सिस्टर बाकावर बसून सराव करत होती. दोन टोकांची बारीक सुई पाण्यात बुडवायची आणि बटाट्यावर एकाच जागी भराभर टोचायची. बटाट्याची चाळण झाली होती.

"मनगट टेकव," बाई जाता जाता म्हणाल्या. "हवेत धरलंस तर थरथरणारच."

तिने मनगट टेकवलं. "बाई, तुम्ही नाही येणार?"

"नाही गं."

"मी तर इथली नाही." ती बटाट्याकडेच बघत होती. "आली तर, मला दार कोण उघडणार?"

---

नाव निघालं तसा घरातला ताणही निघायला हवा होता. लेक पुन्हा बोलायला लागली, नवऱ्याने राजीनाम्याची थट्टा पुन्हा सुरू केली. भिंगरी रात्री मुठीत दंड धरून झोपली. बाईंना मात्र धाकट्या सिस्टरचं ते 'दार कोण उघडणार' सोडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सुना अंगणात धान्य निवडत होत्या. सासूबाई डोळ्यापेक्षा बोटांनीच निवडायच्या. खडा लागला की न बघता बाजूला.

"मला न्या म्हणावं तुझ्या डॉक्टरला," सासूबाई अचानक म्हणाल्या. "मला टोचायला नको की काही नको. मला देवीने एकदा चाखून टाकलंय. उष्टं परत तोंडात कोण घेतं?"

बाई खूप दिवसांनी हसल्या. "तुम्हाला विहिरीपर्यंत न्यायला दोन माणसं लागतात, आई."

"तेही खरंच." सासूबाईंनी एक खडा टाकला.

"आम्ही तिघं भावंडं पडलो होतो," त्या म्हणाल्या. "आई-बापही. दार उघडंच होतं घराचं. पण आत कोणी यायचं नाही. पाणी मागितलं की बाहेरून आवाज यायचा, 'ठेवलंय.' कुठे ठेवलंय, तर कुंपणाशी. अंगावर टाचणी टेकवायला जागा नाही, आणि पाणी कुंपणाशी."

बाईंची बोटं थांबली.

"माझा भाऊ गेला उठून. थोरला होता ना. आम्हाला वाटलं आणतोय. दोन दिवस वाट बघितली. तो तिथेच पडला होता, भांड्याजवळ." सासूबाईंनी सूप हलवलं. "दुखणं मला आता आठवतही नाही. तो आवाज आठवतो. 'ठेवलंय.' बाई होती कोणीतरी. चांगली होती बिचारी, रोज ठेवायची."

"आई..."

"मी तुला काही सांगत नाही हं. तुला पोरीचं बघायलाच हवं. मी आपली धान्य निवडता निवडता बोलते."

संध्याकाळी बाईंनी गाठोडं बांधायला घेतलं. एक ताट, एक वाटी, पांघरूण, लांब बाह्यांचे दोन झगे. नवरा उंबऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होता. गाठोडं बघितलं, धार लावत राहिला.

"पेंढ्या कोण बांधणार?" शेवटी म्हणाला.

"तुम्ही."

"आणि मला कोण टोमणे मारणार?"

"आई आहेत की."

तो हसला नाही. विळा उजेडाकडे धरून पात्याला अंगठा लावून पाहिला आणि उठून गोठ्यात गेला.

लेक चुलीशी पाठमोरी होती. "पोरीला काय सांगू?"

"सांग, आज्जी कामाला गेली."

"ती चार वर्षांची आहे, खुळी नाही." तिने फुंकणी आपटली. "तुझ्या दंडाशिवाय झोपत नाही ती. रडून रडून अंग फोडून घेईल."

"मोजे घाल. मलम ओलं असतानाच लाव."

"ते येतं मला," लेक म्हणाली. "आई आहे मी तिची."

---

"बाई, तुमचं नाव लिहून खोडून कागद फाटायला आला," डॉक्टर म्हणाले. पण त्यांनी परत लिहिलं, आणि लिहिताना कॉलर दोनदा सारखी केली.

टोचायच्या सकाळी ड्रायव्हर आधीच येऊन बसला होता.

"खाज?" बाईंनी विचारलं.

"गेली." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बायकोला सांगितलं, मला इसब आहे म्हणून सुटलो. ती म्हणाली, एवढ्या वर्षांत मला नाही दिसलं ते डॉक्टरला कसं दिसलं? दोन दिवस हसतेय. त्यापेक्षा टोचून घेतलेलं बरं."

कंपाउंडरच्या सासऱ्यांची खाज मात्र वाढली होती.

बाईंना धाकट्या सिस्टरने टोचलं. मनगट दंडावर टेकवलं, सुई बुडवली आणि बटाट्यावर शिकलेली ती टकटकटक दंडावर उतरली. रक्ताचा एक बारीक थेंब वर आला. "लागलं?" तिने विचारलं. "बटाट्याला विचार," बाई म्हणाल्या.

मागची खोली म्हणजे एरवी बाळंत झालेल्या बायकांना ठेवायची जागा. एक लोखंडी खाट, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी. बाई दंडावर जाळीची पट्टी आणि वर लांब बाही घालून जमेल ते काम करायच्या, लेकुरवाळ्यांच्या वाऱ्यालाही न जाता. पट्टी बदलली की जुनी पट्टी औषधाच्या पाण्यात, मग जाळायची. हात कोपरापर्यंत धुवायचे. कपडे वेगळे उकळायचे. आधी गाठ आली, मग तिच्या तोंडाशी पाणी भरलं, मग ती पिकून मण्यासारखी झाली. काखेत अवधाण आलं, तिथे सुजून हात अंगाला लावता येईना. अंगात कणकण. स्वतःच्याच दंडाची त्यांना शिसारी आली.

लेक संध्याकाळी डबा आणायची आणि गटाराच्या पलीकडच्या दगडावर ठेवायची. भिंगरीला गटाराअलीकडे यायची बंदी होती. ती पलीकडून ओरडून बातम्या सांगायची.

"आज्जी! आजोबा पडले!"

"कुठे?"

"पेंढ्यावर! हसत हसत पडले!"

"तू झोपतेस का नीट?"

"नाही!"

एकदा लेक जाताना मागे वळली. "म्हाताऱ्या आजीजवळ झोपवते आता. तिचा दंड धरते. म्हणते, याच्यात हाडच आहे."

हे चाललं असतं तसंच. पण एका दुपारी खळ्यावर वारा सुटला. वाऱ्याची वाट बघतच धान्य अडलं होतं, त्यामुळे घरातला प्रत्येक हात सुपाला लागला आणि सासूबाईंना डुलकी लागली.

बाई खोलीत खाटेवर बसल्या होत्या. बाही वर होती आणि पट्टी नुकतीच सोडलेली, दोन्ही हातांची बोटं त्या ओल्या जाळीला लागलेली. फोड फुटून चिकट झाला होता, कडेने लाल. त्या मोरीकडे जायला उठणार, तेवढ्यात दारात सावली पडली.

भिंगरी. एकटी. केसांत भुसा, पायाला चिखल, तोंडभर हसू. रान तुडवून, गटार ओलांडून आलेली. हातांत मोजे नव्हते. उन्हाने आणि भुशाने कोपराच्या घड्या लाल झाल्या होत्या, खाजवल्याच्या ताज्या रेघा तिथे उठल्या होत्या.

"तिथेच थांब!"

पण आज्जीचं ओरडणं तिला आजवर खरं वाटलंच नव्हतं. ती हात पसरून पळत आली.

बाईंना मागे सरायला जागा नव्हती, भिंत होती. हात पुढे करावे तर दोन्ही हातांना तेच लागलेलं. कोपराने अडवावं तर त्याच्या वरच तो दंड. पोर आता कमरेला बिलगणार, तोंड वर करणार, आणि मुठीने नेहमीची जागा धरणार.

बाईंनी पाय उचलला आणि तिच्या छातीवर लाथ मारली.

पोर मागच्या मागे दाराबाहेर जाऊन पडली. चिखलातच बसली. रडली नाही. तिने आधी स्वतःच्या छातीकडे पाहिलं, मग आज्जीच्या पायाकडे.

"सिस्टर!" बाई ओरडल्या. "अगं सिस्टर, तिला घे! आधी तिला घे!"

धाकटी सिस्टर धावत आली. तिच्याही दंडावर तेच होतं. तीही दारातच अडली. दोघी दोन बाजूंना हात वर धरून उभ्या, मध्ये चिखलात पोर. शेवटी सफाईवालीने येऊन तिला उचललं. धावून आलेल्यांत जावेचं इसब सांगून सुटलेली तीच एक हात लावण्याजोगी होती. तिने पोरीला पोटाशी धरलं आणि बाईंकडे न बघता घेऊन गेली.

मग बाईंनी हात धुतले. कोपरापर्यंत, साबण संपेपर्यंत.

---

डॉक्टर रोज स्वतः जाऊन भिंगरीला बघून येत होते. "काही नाही," सांगायचे. "आज पण काही नाही." धोक्याचे दिवस टळले तेव्हा ते खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, कुठेही लागलेलं नाही. तुम्ही वाचवलंत तिला."

"छातीवर वळ होता का?"

"होता. गेला आता."

लेक डबा आणत राहिली. गटारापलीकडे आता ती एकटीच यायची. पहिल्या संध्याकाळी दगडावर डबा ठेवून उभी राहिली, रुमालाने तोंड पुसलं. "माझीच नजर हलली गं," म्हणाली. "वारा सुटला होता." बाईंना वाटलं होतं ती बोल लावेल. तो लावला असता तर बरं झालं असतं.

"येत का नाही ती?"

"म्हणते, आज्जीला मी आवडत नाही."

फोड वाळला, काळा पडला, कडा सुटल्या. एका सकाळी पट्टी सोडताना खपली जाळीला चिकटून निघून आली. हरभऱ्याएवढी. बाईंनी ती चिमट्याने उचलून नियमाप्रमाणे जाळली. खाली गोल गुलाबी खळगा राहिला होता, सासूबाईंच्या तोंडावरच्या व्रणांपैकी एखादा उतरून दंडावर आल्यासारखा.

लांबच्या त्या संशयाचं काय झालं ते कोणालाच नीट कळलं नाही. वरून कागद आला, त्यात पुन्हा 'खबरदारी' होती. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे आली नाही?" डॉक्टर म्हणाले, "आली नाही. अजून." तीन माणसं टोचून तयार होती, गाडी धुऊन उभी होती, आणि कंपाउंडर गोळ्या मोजत होता.

बाईंनी अंघोळ केली, सगळं उकळलं, गाठोडं पाठीला मारलं आणि पायवाटेला लागल्या. रानात आता खुंटही नव्हते. नांगर फिरून काळी ढेकळं वर आली होती.

अंगणात पोती रचलेली होती. सासूबाई खाली सांडलेलं वेचत होत्या आणि भिंगरी त्यांना मदत करत होती, म्हणजे वेचलेलं परत सांडत होती. बाईंना पाहताच ती उठली. पळत आली नाही. मागे सरकली. अंगण ओलांडून पार पेंढ्यांच्या गंजीला पाठ लागेपर्यंत.

बाईंनी गाठोडं उतरवलं आणि जमिनीवर बसल्या. बाही वर केली. "बघ. पडली खपली. आता काही नाही. ये."

पोर दंडाकडे बघत नव्हतीच.

"हात पण धुतले मी. ये ना गं."

लेक दारात येऊन उभी राहिली. मग भिंगरीने एक पाऊल पुढे टाकलं.

"इथपर्यंत?" तिने विचारलं.

उठून तिला कवेत घ्यावंसं बाईंना वाटलं, पण त्या हलल्या नाहीत. "ये, अजून ये."

भिंगरीने आणखी एक पाऊल टाकलं आणि नजर खाली लावली. "इथपर्यंत?"

तेव्हा बाईंना दिसलं ती काय बघतेय ते. त्यांनी दोन्ही पाय अंगाखाली दुमडून घेतले, वर झग्याचा घोळ ओढून नीट झाकून टाकले, आणि म्हणाल्या, "अजून थोडं."